आद्रियान बेल्त्रेची कारकीर्द कशी वाचायची: तिसऱ्या बेसवरची एकवीस वर्षं

प्रश्न दोन भागांत आला आहे. पहिला: अमेरिकेच्या मेजर लीग बेसबॉलमध्ये खेळलेल्या आद्रियान बेल्त्रेने २००४ मध्ये ४८ होम रन (कुंपणापलीकडे मारलेले फटके) मारले, पण त्याच्या आधीची आणि नंतरची बरीच वर्षं तो साधारण बॅटर दिसतो, वर्ल्ड सिरीजही (हंगामाची अंतिम मालिका) त्याने कधी जिंकली नाही, तरी २०२४ मध्ये पहिल्याच मतदानात तो हॉल ऑफ फेममध्ये, म्हणजे महान खेळाडूंच्या सन्मान-यादीत, कसा गेला? दुसरा: तिसऱ्या बेसवर खेळणाऱ्या चौदा-पंधरा वर्षांच्या मुलाला त्याचे व्हिडिओ दाखवायचे असतील, तर त्यात नेमकं काय बघायला सांगायचं?

दोन्हींचं उत्तर एकाच जागी सापडतं, ते म्हणजे त्याच्या ग्लोव्हमध्ये आणि पायांत. बेल्त्रेची बॅट वर-खाली होत राहिली. त्याचा बचाव मात्र वयाच्या एकोणिसाव्या वर्षापासून एकोणचाळिसाव्या वर्षापर्यंत मेजर लीगच्या दर्जाचा राहिला, आणि त्यातली बरीच वर्षं तो त्या जागेवरचा सर्वोत्तम होता. त्याने तिसऱ्या बेसवर २,७५९ सामने खेळले. मेजर लीगच्या इतिहासात यापेक्षा जास्त फक्त ब्रूक्स रॉबिन्सनचे आहेत, २,८७०. नुसता होम रनचा रकाना बघणाऱ्याला हा खेळाडू अर्धाच दिसतो.

आधी ही जागा काय मागते ते बघू, कारण क्रिकेट बघून वाढलेल्या वाचकाला त्याचा अंदाज लवकर येत नाही. एका बेसपासून दुसऱ्या बेसचं अंतर ९० फूट, म्हणजे २७.४ मीटर. चेंडू मारल्यावर बॅटर पहिल्या बेसकडे धावतो; जमिनीवरचा चेंडू त्याच्या आधी तिथे पोहोचला की तो आउट. तिसऱ्या बेसवरून पहिल्या बेसपर्यंतचा तिरका थ्रो साधारण ३८.८ मीटरचा. तिसऱ्या बेसचा खेळाडू बहुतेक वेळा बेसच्या रेषेच्या थोडा मागे, बॅटरपासून तीसेक मीटरवर उभा असतो. उजव्या हाताच्या बॅटरने जोरात ओढून मारलेला चेंडू ताशी १६० किलोमीटरने निघाला, तर तीस मीटर यायला त्याला पाऊण सेकंदही लागत नाही. मधे टप्पा पडला तर थोडा जास्त वेळ मिळतो, पण मग टप्प्याचा भरवसा राहत नाही.

हे झालं जोरकस चेंडूचं. त्याच माणसाला पुढच्याच पिचवर बंट झालेला (बॅट नुसती लावून जवळ पाडलेला) किंवा बॅटला धड न लागलेला, जमिनीवरून संथ घरंगळत येणारा चेंडूही खेळावा लागतो. उजव्या हाताचा सरासरी बॅटर साधारण ४.३ सेकंदांत पहिल्या बेसवर पोहोचतो; चपळ डावखुरा चार सेकंदांत. आता हिशोब करा. चेंडू होमप्लेटपासून (बॅटर उभा असतो ती जागा) तेरा मीटरवर मंदावला, तिथे धावत पोहोचायला दोन ते सव्वादोन सेकंद गेले. तिथून पहिल्या बेसपर्यंत तीस मीटरचा थ्रो, धावताना केलेला, म्हणून एक सेकंद. हातात उरला जेमतेम पाऊण ते एक सेकंद, आणि त्यात चेंडू उचलून, पकड जमवून तो सोडायचा आहे. ग्लोव्हमध्ये घेऊन मग उजव्या हातात काढायला धावताना पाऊण सेकंदाच्या वर वेळ जातो. उघड्या हाताने थेट उचलला तर अर्ध्या सेकंदाच्या आसपास काम होतं. हा पाव सेकंदच आउट आणि सेफ यांतला फरक असतो, आणि बेल्त्रेचं नाव या खेळीत आधी झालं.

त्याची ही खेळी संथ करून बघा. तो चेंडूवर सरळ रेषेत धावत नाही. किंचित डावीकडून वळसा घेतो, त्यामुळे चेंडू त्याच्या उजव्या पायाच्या बाजूला येतो. चेंडू अजून चालता असेल तर ग्लोव्ह आणि हात दोन्ही खाली जातात. थांबत आला असेल तर फक्त उजवा हात. उचलण्याच्या क्षणी डावा पाय पुढे असतो. पुढचं पाऊल उजवं, आणि त्या पावलावरूनच चेंडू सुटतो. तो सरळ उभा राहत नाही; कमरेत वाकलेला असतानाच, कोपर खांद्याच्या खाली ठेवून, आडव्या हाताने फेकतो. मुलं इथे दोन चुका करतात. एक, चेंडू उचलल्यावर आधी सरळ होतात आणि मग फेकतात. त्यात पाव सेकंद गेला. दुसरी चूक जास्त महाग पडते: आडव्या हाताने सोडलेला चेंडू हवेत उजव्या हाताच्या फेकणाऱ्याच्या उजवीकडे वळतो, म्हणजे इथे होमप्लेटच्या बाजूला, धावणाऱ्याच्या अंगावर. त्यामुळे बेसच्या आतल्या कडेवर नेम धरला की चेंडू फाउल रेषेवर (मैदानाची कडेची रेषा) जातो आणि पहिल्या बेसच्या खेळाडूचा हात धावणाऱ्यासमोर येतो. नेम बेसच्या दुसऱ्या बेसकडच्या कडेवर, छातीच्या उंचीला धरायचा. वळण धरून चेंडू मग बरोबर जागी पोहोचतो.

दुसरी खेळी फाउल रेषेलगतच्या बॅकहँडची, म्हणजे ग्लोव्ह अंगासमोरून आडवा नेऊन पकडण्याची. चेंडू खेळाडूच्या उजवीकडे, बेसच्या मागून जातोय. इथे पहिलं पाऊल सगळं ठरवतं. उजवा पाय जागेवर वळवून डावा पाय त्याच्यावरून आडवा टाकायचा. उजवा पाय आधी बाजूला टाकला तर एक मीटर वाया जातो. ग्लोव्हचं तोंड चेंडूकडे पूर्ण उघडं आणि ग्लोव्ह जमिनीला टेकलेला. हात खालून वर न्यायला सोपं जातं, वरून खाली आणताना चेंडू खालून निसटतो. चेंडू डाव्या पायाच्या पुढे घ्यायचा, उजवा पाय घट्ट रोवायचा आणि तिथूनच फेकायचं. बेल्त्रे इथे जास्तीची पावलं जवळजवळ टाकतच नसे. त्याच्या दंडात ताकद होती म्हणून त्याला ते परवडायचं. ज्या मुलाच्या हातात तेवढा जोर नाही त्याने चाळीस मीटर हवेतून फेकण्याचा हट्ट धरू नये. पहिल्या बेसच्या तीन-चार मीटर आधी एक लांब टप्पा पाडलेला थ्रो पकडायला सोपा जातो, आणि डोक्यावरून गेलेल्या थ्रोपेक्षा तो केव्हाही चांगला.

आता कारकिर्दीकडे येऊ. बेल्त्रेचा जन्म ७ एप्रिल १९७९ चा, डॉमिनिकन रिपब्लिकच्या सांतो दोमिंगोमधला. लॉस एंजेलिस डॉजर्सची तिथे कांपो लास पाल्मास ही अकादमी होती आणि तिथूनच तो पुढे आला. १९९४ च्या जुलैमध्ये डॉजर्सने त्याला २३,००० डॉलर देऊन करारबद्ध केलं. तेव्हा तो पंधरा वर्षांचा होता, आणि नियम सोळाचा होता. कागदोपत्री त्याचं वय एका वर्षाने वाढवलं गेलं. १९९९ मध्ये हे बाहेर आलं. कमिशनर बड सीलिग यांनी डॉजर्सला ५०,००० डॉलरचा दंड केला, डॉमिनिकन रिपब्लिकमधलं त्यांचं खेळाडू शोधण्याचं काम एका वर्षासाठी थांबवलं आणि बेल्त्रेला ४८,५०० डॉलर भरपाई द्यायला लावली. त्याच्या बाजूने मागणी होती ती करारातून मुक्त करण्याची. ती मान्य झाली नाही. मला हा निकाल अपुरा वाटतो. त्या मुलाची खुल्या बाजारातली किंमत तोवर कितीतरी पट वाढली होती, आणि पंधराव्या वर्षी सही करून घेणाऱ्या संघाकडेच तो राहिला.

मात्र खेळाच्या दृष्टीने त्या एका वर्षाचा परिणाम लक्षात ठेवण्यासारखा आहे. तो लवकर आत आला, लवकर वर चढला आणि म्हणूनच त्याची एकूण बेरीज इतकी मोठी झाली. १९९८ मध्ये सॅन अँटोनियोच्या डबल-ए संघातून, मधली ट्रिपल-एची पायरी न चढता, तो थेट मेजर लीगमध्ये आला. २४ जून १९९८ ला, एकोणीस वर्षांचा असताना, पहिल्याच बॅटिंगला अनाहाइम एंजल्सच्या चक फिनलीला डबल (दुसऱ्या बेसपर्यंत नेणारा फटका) मारला. २००० मध्ये, एकविसाव्या वर्षी, ०.२९० ची सरासरी आणि २० होम रन. (बेसबॉलची बॅटिंग सरासरी म्हणजे हिट, अर्थात बेस मिळवून देणारे फटके, भागिले अधिकृत बॅटिंगच्या संधी; ०.३०० म्हणजे उत्तम समजतात.) त्या वयात, त्या जागेवर हे आकडे फार मोठे आहेत.

मग जानेवारी २००१ मध्ये मायदेशी अपेंडिक्सची शस्त्रक्रिया झाली आणि ती बिघडली. जखम भरली नाही, संसर्ग झाला, पुन्हा शस्त्रक्रिया करावी लागली, वजन खूप उतरलं. त्या हंगामाची सुरुवात त्याच्या हातून गेली. २००१ ते २००३ या तीन वर्षांत होम रन १३, २१ आणि २३, आणि २००३ ची सरासरी तर ०.२४० पर्यंत घसरलेली. लोक या काळाला ‘वाया गेलेली गुणवत्ता’ म्हणत. पोटाचे स्नायू कापलेल्या, वजन हरवलेल्या बावीस वर्षांच्या खेळाडूची बॅट मंदावली, यात अचंबा करण्यासारखं काहीच नव्हतं. बॅट फिरवण्याची ताकद कमरेतून आणि पोटातून येते.

२००४ हे ते प्रसिद्ध वर्ष: सरासरी ०.३३४, २०० हिट, ४८ होम रन, १२१ आरबीआय, म्हणजे त्याच्या बॅटमुळे आलेल्या धावा. ४८ होम रनमुळे त्याने तिसऱ्या बेसच्या खेळाडूचा एका हंगामातला माइक श्मिटचा १९८० चा विक्रम गाठला. मोस्ट व्हॅल्युएबल प्लेयरच्या मतदानात बॅरी बाँड्सच्या मागे तो दुसरा आला. त्या वर्षी बाँड्सला २३२ वॉक (चार वाईट चेंडूंमुळे फुकट मिळालेला पहिला बेस) मिळाले होते, त्याच्यापुढे कोणाचंच काही चाललं नसतं. हे वर्ष त्याने डाव्या घोट्यात हाड वाढल्याचं दुखणं घेऊन काढलं. उजव्या हाताच्या बॅटरचा डावा पाय म्हणजे पुढचा पाय. तो दुखत असेल तर पुढे झेपावून मारणं जमत नाही. चेंडू जवळ येईपर्यंत वजन मागच्या पायावर ठेवावं लागतं, आणि मग बाहेरचा चेंडू उजव्या मैदानाकडे चांगला जातो. बेल्त्रेचा जुना दोष नेमका हाच होता, बाहेर जाणाऱ्या स्लायडरवर पुढे झेपावणं. दुखण्याने तो दोष काही काळ बांधून ठेवला, असं माझं वाचन आहे.

सिएटल मॅरिनर्सने त्याला पाच वर्षांसाठी ६ कोटी ४० लाख डॉलर दिले आणि इथेच बहुतेक लोकांचा त्याच्याबद्दलचा गैरसमज पक्का झाला. पाच हंगामांत होम रन १९, २५, २६, २५, ८. सरासरी एकदाही ०.२८० च्या वर नाही. पण तेव्हाचं सेफको फील्ड कसं होतं ते बघितल्याशिवाय या आकड्यांना अर्थ नाही. समुद्राकाठची थंड, दमट हवा, डावं-मधलं मैदान खोल, आणि डावीकडे धावफलकाची भिंत उंच. उजव्या हाताने ओढून मारणाऱ्याचे उंच फटके तिथे कुंपणाच्या आत पडायचे. २०१३ च्या हंगामाआधी मॅरिनर्सने स्वतःच कुंपण आत घेतलं आणि ती भिंत खाली आणली; मैदान उजव्या बॅटरवर अन्याय करतं हे त्यांनी कृतीने मान्य केलं. बेल्त्रे तोवर निघून गेला होता.

याच सिएटलमध्ये त्याला पहिले दोन गोल्ड ग्लोव्ह, म्हणजे त्या जागेवरच्या सर्वोत्तम बचावाचे पुरस्कार, मिळाले, २००७ आणि २००८. २००७ हा मेजर लीगमधला त्याचा दहावा हंगाम होता. सुरुवातीच्या वर्षांत त्याच्या चुका जास्त होत्या, कारण तो अशा चेंडूंपर्यंत पोहोचायचा जिथे दुसरे पोहोचतच नसत, आणि तोल गेलेला असतानाही फेकायचा. न पोहोचलेल्या चेंडूची चूक कोणाच्याच नावावर लागत नाही. म्हणून नुसता एररचा रकाना बघून तिसऱ्या बेसच्या तरुण खेळाडूला नापास करू नका. त्याने किती चेंडू गाठले हे आधी बघा. फेकण्याच्या चुका पावलं सुधारली की कमी होतात. पोहोच मात्र मागाहून शिकवता येत नाही.

२००९ हे त्याचं सर्वांत वाईट वर्ष. जूनअखेर डाव्या खांद्याची शस्त्रक्रिया, त्यातून परतल्यावर ऑगस्टमध्ये एक वाईट टप्प्याचा चेंडू थेट जांघेत. बेल्त्रे संरक्षक कप घालत नसे. अंडकोषाला मार लागून आत रक्तस्राव झाला आणि तो पुन्हा बाहेर बसला. या एका बाबतीत त्याचं अनुकरण अजिबात नको. कप घालून पहिले काही दिवस धावताना अडचण वाटते. सरावापासूनच रोज घातला की दोन आठवड्यांत विसर पडतो. फक्त सामन्यात घातला की मुलं तो काढून टाकतात.

मग बॉस्टन. २०१० साठी रेड सॉक्सबरोबर मुख्यतः एका वर्षाचा, ९० लाख डॉलरचा करार. फेनवे पार्कच्या डाव्या बाजूला ३७ फूट उंचीची भिंत जवळ आहे, आणि सिएटलमध्ये झेल होणारे फटके इथे भिंतीला लागून डबल झाले: ४९ डबल, लीगमध्ये सर्वांत जास्त. सरासरी ०.३२१, २८ होम रन, १०२ आरबीआय. एकतिसाव्या वर्षी तो पहिल्यांदा ऑल-स्टार सामन्यासाठी, म्हणजे लीगमधल्या निवडक खेळाडूंच्या सामन्यासाठी, निवडला गेला.

इथून तो आरोप सुरू झाला, आणि आजही ऐकू येतो, की बेल्त्रे करार संपत आला की खेळतो: २००४ आणि २०१०. आकडे हे टिकू देत नाहीत. २००९ हेही कराराचं शेवटचं वर्ष होतं आणि त्यात त्याचे होम रन आठ. जानेवारी २०११ मध्ये टेक्सस रेंजर्सशी पाच वर्षांचा, ८ कोटी डॉलरचा करार झाला, म्हणजे पैशाची चिंता संपली, आणि त्यानंतरच्या तीन हंगामांत होम रन ३२, ३६ आणि ३०. बदल कुठे झाला ते स्ट्राइकआउटमध्ये (तीन स्ट्राइक होऊन बाद होणं) दिसतं. सिएटलच्या पहिल्या तीन वर्षांत दर वर्षी शंभरहून जास्त. टेक्ससच्या आठ वर्षांत एकदाही शंभर नाहीत, २०११ मध्ये तर अवघे ५३. बॅटरचा बॅट फिरवण्याचा वेग वयानुसार थोडा कमी होतो. त्याची नजर सुधारली आणि वाईट चेंडूवर फिरणं आटोक्यात आलं, तर तो वेगाची उणीव भरून काढतो.

टेक्ससमधली वर्षं त्याची सर्वांत सुंदर. ४ ऑक्टोबर २०११ ला टॅम्पा बे रेजविरुद्ध प्लेऑफच्या सामन्यात तीन होम रन. त्याच महिन्यात सेंट लुईस कार्डिनल्सविरुद्ध वर्ल्ड सिरीजच्या पाचव्या सामन्यात क्रिस कार्पेंटरच्या खाली पडणाऱ्या चेंडूवर उजवा गुडघा जमिनीला टेकवत होम रन. तो फटका बघून पुष्कळ मुलं गुडघ्यावर बसून बॅट फिरवायला लागतात, म्हणून इथे थोडं थांबतो. गुडघा टेकणं हे कारण नसून परिणाम आहे. चेंडू खाली पडतोय हे उशिरा कळलं, पण वजन मागे होतं, त्यामुळे मागचा पाय कोसळला आणि डोकं मात्र चेंडूच्या रेषेत स्थिर राहिलं. मुलाला दाखवायचं असेल तर त्याचं डोकं दाखवा, गुडघा नको. मुद्दाम गुडघा टाकला की कंबर फिरतच नाही आणि चेंडू नुसता हवेत उडतो.

त्या मालिकेचा सहावा सामना बेसबॉल बघणारे विसरणार नाहीत. रेंजर्स दोन वेळा विजेतेपदापासून एका स्ट्राइकवर येऊन सामना हरले. अकरा इनिंगमध्ये १०–९. सातव्या इनिंगमध्ये बेल्त्रे आणि नेल्सन क्रूझ यांनी लागोपाठ होम रन मारले होते. पुढचा सामनाही गेला आणि बेल्त्रेच्या नशिबी पुन्हा वर्ल्ड सिरीज आली नाही. सांघिक विजेतेपदावरून एका खेळाडूला मोजू नये याचं इतकं स्पष्ट उदाहरण क्वचित मिळेल.

ऑगस्ट २०१२ मध्ये बाल्टिमोरविरुद्ध एका सामन्यात तीन होम रन, आणि दोनच दिवसांनी मिनेसोटाविरुद्ध सायकल, म्हणजे एकाच सामन्यात सिंगल, डबल, ट्रिपल आणि होम रन. अशा तीन सायकल त्याच्या नावावर आहेत, २००८, २०१२ आणि २०१५. तिन्ही आर्लिंग्टनच्या मैदानावर, आणि पहिली तर रेंजर्सविरुद्धच, मॅरिनर्सकडून खेळताना. २०१३ मध्ये १९९ हिटसह तो लीगमध्ये पहिला. २०१६ मध्ये सदतिसाव्या वर्षी ०.३००, ३२ होम रन, १०४ आरबीआय आणि पाचवा गोल्ड ग्लोव्ह. मधे २०१५ मध्ये डाव्या अंगठ्याचा लिगामेंट फाटलेला असताना परत येऊन तो हंगाम पूर्ण खेळला. ग्लोव्हच्या हाताचा अंगठा म्हणजे प्रत्येक झेलाला कळ. बॅट धरतानाही तोच हात खाली.

३० जुलै २०१७ ला बाल्टिमोरच्या वेड मायलीला डाव्या रेषेलगत डबल मारून त्याने ३,००० वा हिट पूर्ण केला. असा तो एकतिसावा खेळाडू आणि डॉमिनिकन रिपब्लिकमध्ये जन्मलेला पहिला. तिसऱ्या बेसच्या खेळाडूंत ३,००० हिट आणि ४०० होम रन दोन्ही असलेला तो एकटाच आहे. वेड बॉग्ज आणि जॉर्ज ब्रेट यांचे हिट तीन हजारांच्या वर आहेत, होम रन तेवढे नाहीत. २० नोव्हेंबर २०१८ ला त्याने निवृत्ती जाहीर केली. एकूण आकडे: २,९३३ सामने, ३,१६६ हिट, ६३६ डबल, ४७७ होम रन, १,७०७ आरबीआय, सरासरी ०.२८६. जून २०१९ मध्ये रेंजर्सने त्याचा २९ क्रमांक निवृत्त केला.

ही बेरीज वयानुसार तोडून बघितली की चित्र उघडतं. २००९ अखेर, तीस वर्षांचा असताना, त्याचे हिट १,७०० आणि होम रन २५०. उरलेले १,४६६ हिट आणि २२७ होम रन त्यानंतरचे. बहुतेक तिसऱ्या बेसचे खेळाडू त्या वयात पहिल्या बेसवर किंवा नुसत्या बॅटिंगच्या जागेवर सरकतात, कारण पहिलं पाऊल मंदावतं आणि खांदा थकतो. बेल्त्रे सरकला नाही. याचं तांत्रिक कारण मला त्याच्या थ्रोमध्ये दिसतं. तो प्रत्येक चेंडू सारख्या जोराने फेकत नसे. धावणारा कोण आहे आणि चेंडू किती लवकर हातात आला, हे बघून लागेल तेवढाच जोर लावायचा. वेळ असेल तर दोन निवांत पावलं टाकून. एकवीस हंगामांत वाचलेली ती ताकद फार मोठी होते.

आता हॉल ऑफ फेमची मतं. ३८५ पैकी ३६६, म्हणजे ९५.१ टक्के, प्रवेशाला ७५ लागतात. मतदारांनी बॅट आणि ग्लोव्ह एकत्र मोजले. राखीव दर्जाच्या खेळाडूच्या तुलनेत एखाद्याने संघाला किती जास्त विजय मिळवून दिले, याचा एक अंदाज काढतात. बेसबॉल-रेफरन्स या संकेतस्थळाच्या हिशोबात बेल्त्रेचा तो आकडा ९३.५ आहे. तिसऱ्या बेसवाल्यांत त्याच्या वर फक्त माइक श्मिट आणि एडी मॅथ्यूज. बॉग्ज, ब्रेट, चिपर जोन्स त्याच्या खाली येतात. बॅटिंगमध्ये यांतले काही त्याच्याहून निश्चित सरस होते. बचाव मिळवला की क्रम बदलतो. या अंदाजातला बचावाचा भाग बॅटिंगइतका नेमका नसतो हे खरं आहे, पण पाच गोल्ड ग्लोव्ह आणि २०११, २०१२ चे प्लॅटिनम ग्लोव्ह (लीगमधल्या सर्वोत्तम बचावपटूचा पुरस्कार) त्याच दिशेने बोट दाखवतात.

शेवटी तुमच्या मुलाचं. आधी संथ चेंडूवरची उघड्या हाताची खेळी दाखवा, मग बॅकहँड, आणि बॅटिंग सर्वांत शेवटी. सराव असा ठेवा: जमिनीवर पाच स्थिर चेंडू दोन-दोन मीटरवर ठेवून धावत उचलणं, फेकणं नाही, उजव्या हाताची बोटं चेंडूच्या वरून दाबून, खालून खरवडून नाही. हे जमल्यावर हळू लोटलेला चेंडू, मग थ्रोसह. पाच-सहा मीटरवरून छोट्या टप्प्याचे तीस चेंडू गुडघ्यांवर बसून, फक्त ग्लोव्हने. चौदा वर्षांच्या हातासाठी पूर्ण अंतराचे पंधरा ते वीस थ्रो एका सत्रात पुरे. कोपराच्या आतल्या बाजूला दुखलं तर त्या दिवशी थ्रो बंद. ग्लोव्ह पावणेबारा ते बारा इंचांचा घ्या. दूरच्या मैदानात खेळणाऱ्या आउटफिल्डरचा मोठा ग्लोव्ह दिला की चेंडू तळाशी अडकतो आणि काढायला उशीर होतो.

आपल्याकडच्या शालेय आणि विद्यापीठ स्पर्धांत बरीच मुलं-मुली बेसबॉल आणि सॉफ्टबॉल दोन्ही खेळतात, म्हणून एक फरक सांगून ठेवतो. सॉफ्टबॉलमध्ये बेसचं अंतर ६० फूट, १८.३ मीटर. तिथे तिसऱ्या बेसची खेळाडू बंटच्या धाकाने बेसच्याही पुढे उभी राहते, बॅटरपासून पंधरा-सोळा मीटरवर. बेल्त्रेसारखं खोल उभं राहून वेळ विकत घेणं तिथे चालत नाही. पहिलं पाऊल आणि उघडा हात हेच उपयोगी पडतात. त्या अंतरावर जाळीचा मुखवटा घातल्याशिवाय सरावालाही उभं करू नका.